इम्पॅक्ट ड्रायव्हरचा ठोका कुठे बसतो?

प्रश्न : कपाटाचे स्क्रू बसवायला बॅटरीवरचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घेतला. खडखडाट ऐकून स्क्रूवर हातोडी पडतेय असं वाटतं. लाकूड फुटेल का? भिंतीला भोकं पाडता येतील का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : घाबरू नका. हा ठोका हॅमर ड्रिलसारखा पुढे बसत नाही, फिरण्याच्या दिशेने बसतो. स्क्रू जड गेला की आतली हातोडी स्प्रिंगवर मागे सरकते आणि सुटून बिट धरणाऱ्या दांड्याला आडवा तडाखा देते, मिनिटाला हजारो वेळा. म्हणूनच मनगटाला हिसका कमी बसतो आणि बिट खाचेतून सहसा निसटत नाही. भिंतीला मात्र पुढचाच ठोका लागतो, तिथे हॅमर ड्रिलच हवं. ठोका आडवा असला तरी लाकूड फुटू शकतं, कारण या यंत्रांत बहुधा क्लच नसतो. ट्रिगर दाबलेला असेपर्यंत ते आवळतच राहतं. त्यामुळे सागवानात आधी स्क्रूच्या गाभ्याएवढं बारीक भोक पाडा. पार्टिकल बोर्डात आणि बिजागरीच्या छोट्या स्क्रूंना शेवटचे एक-दोन फेरे हातानेच द्या, नाहीतर भुसा होऊन पकडच जाते. साधे बिट तुटतात, इम्पॅक्टसाठीचेच घ्या. डोळ्यांवर चष्मा, कानांत बोळे हवेतच, आवाज खरोखर मोठा असतो.