ग्राहक-व्यवस्थापन प्रणाली आणि विश्लेषकाची पात्रता

प्रश्न : मी टॉवेल-निर्यातदाराच्या दप्तरात हिशेबनीस आहे. ग्राहक-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरवर काम करणारा व्यवसाय-विश्लेषक होण्यासाठी कोणती कौशल्ये संपादन करावीत?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : १९९९ साली स्थापन झालेल्या सेल्सफोर्ससारख्या कंपन्यांच्या प्रणालींचे तांत्रिक ज्ञान अभ्यासाने यथावकाश प्राप्त होते, परंतु ज्या व्यवहारासाठी ती प्रणाली योजावयाची, त्याचे मर्म जाणून ते निःसंदिग्ध शब्दांत मांडण्याची शक्ती हेच विश्लेषकाचे खरे भांडवल होय. परदेशी खरेदीदाराची टेरी टॉवेलविषयी चौकशी आली, की माप, वजन, रंग व किनार यांचा तपशील कोण टिपतो, नमुना कोण मंजूर करतो, दरपत्रक कोणाच्या संमतीने रवाना होते आणि वसुलीचा तगादा कोण लावतो, हे प्रथम क्रमवार लिहून काढावे. प्रणालीत हीच चौकशी ‘लीड’, खरेदीदाराची पेढी ‘अकाउंट’ आणि अपेक्षित सौदा ‘अपॉर्च्युनिटी’ म्हणून नोंदला जातो.

दुसरे कौशल्य नोंदींच्या शुद्धतेचे : एकाच पेढीचे नाव दोन प्रकारे लिहिले गेले, तर येणे रक्कम दोन खात्यांत विभागली जाऊन मालकांपुढील अहवालच फसवा ठरतो; यास्तव एक्सेल व एसक्यूएल आत्मसात करावे. तिसरे, विक्री, उत्पादन आणि हिशेब या खात्यांच्या परस्परविरोधी मागण्या शांतपणे ऐकून, काम पूर्ण झाले असे केव्हा मानावयाचे याची कसोटी सर्वांच्या संमतीने आधीच लेखी ठरविणे. हिशेबनिसाला अंगवळणी पडलेली रुजवातीची सवय येथे बहुमोल ठरेल.

सेल्सफोर्सच्या ‘ट्रेलहेड’ या विनामूल्य अभ्यासस्थळावर सरावाचे खाते मिळते; तेथे आपल्याच दप्तराची रचना उभारण्यास आजच प्रारंभ करावा.