आधी पाणी, मग साबण

अंबाजोगाई,
श्रावण वद्य त्रयोदशी

चि. बाळास,


तुझं पत्र पोचलं. बीडला गाळा ठरला, दसऱ्याचा मुहूर्त धरलास, हे ऐकून तुझ्या काकूने देवापुढे साखर ठेवली. काल आपल्याच धंद्यातल्या संत सेना महाराजांची पुण्यतिथी होती. कीर्तनाला बसलो होतो, पण मनात तुझाच प्रश्न घोळत होता. पुण्यात ज्या दुकानात तू शिकलास तिथे लाकडी वाडग्यातला, अठराशे रुपयांना शंभर ग्रॅम असा दाढीचा साबण वापरतात. तसाच आपणही ठेवावा, त्याची दाढी दीडशे रुपयांना करावी, आणि बाकीच्यांना साध्या साबणाने साठ रुपयांत, असा तुझा विचार आहे. घेऊ का, असं विचारलंस. फोनवर एका शब्दात उत्तर देता आलं असतं, पण बेचाळीस वर्षं या खुर्चीमागे उभा राहिल्यावर मला जे कळलं ते एका शब्दात मावत नाही. म्हणून लिहितो, निवांत वाच.

साबणाची डबी उघडण्याआधी तुझ्या गाळ्यातला नळ उघडून बघ. आपला बालाघाट म्हणजे काळ्या खडकाचं पठार. खडकाच्या भेगांतून मुरताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. बोअरचं पाणी तापवलेल्या भांड्याला आतून पांढरी खपली धरते ती त्याचीच. या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, हे तुझ्या आईला कोणी शिकवावं लागलं नाही. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात आणि हलक्या पाण्याला सुफेन. मला हे दोन शब्द फार आवडतात, कारण आपल्या धंद्याचं अर्धं मर्म त्यांत आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं आहे. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पिणाऱ्याचं त्यात निभतं, फेसाचं निभत नाही. क्षार आणि साबणातलं मेदाम्ल एकत्र आलं की न विरघळणारा पांढरा साका होतो. म्हणजे साबणाचा पहिला भाग दाढीला लागतच नाही, तो पाण्यातला क्षार मारण्यातच खर्ची पडतो. साबण साठ रुपयांचा असो की अठराशेचा, त्यात भेद नाही.

२०१६ चा उन्हाळा तुला आठवत असेल, तू तेव्हा शाळेत होतास. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि आपल्याकडे टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा. कोणत्या बोअरचं पाणी आज टँकरमध्ये आलंय हे मला फेसावरून कळायचं. नेहमीची वडी, नेहमीचा ब्रश, आणि फेस गालावर लावेपर्यंत फुटून पाणी व्हायचा. त्या तीन महिन्यांत जेवढ्या हनुवट्या माझ्या हातून ओरखडल्या तेवढ्या एरवी वर्षात नाहीत. तुझे आजोबा धोकटी काखेला मारून वस्तीवस्तीवर जायचे, खळ्यावर ज्वारीचं बलुतं घ्यायचे. ते पावसाळ्यात पत्र्याच्या पागोळ्यांचं पाणी घागरीत धरून ठेवत आणि दाढीला तेच वापरत. रसायनशास्त्र त्यांना ठाऊक नव्हतं, पण पावसाच्या पाण्याला फेस धरतो हे हाताला ठाऊक होतं.

तेव्हा पहिला खर्च पाण्याचा. शुद्ध पाण्याचा जार लाव. पंचवीस दाढ्यांना एक जार पुरून उरतो.

आता साबण. दाढीचा साबण अंगाच्या साबणापेक्षा वेगळा का, हे नीट समजून घे, म्हणजे किंमत कशाची ते कळेल. अंगाचा साबण कॉस्टिक सोड्याने करतात, त्याने वडी टणक होते. दाढीच्या चांगल्या साबणात सोड्याबरोबर कॉस्टिक पोटॅशही असतं, त्याने तो पाण्यात पटकन सुटतो. त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं. फेस दाट होतो आणि पाच-सात मिनिटं टिकतो तो त्याच्यामुळे. खोबरेल तेलाने फेस लवकर उठतो, पण एकटं खोबरेल असेल तर बुडबुडे मोठे आणि अल्पायुषी. शिवाय ग्लिसरीन, ते ओल धरून ठेवतं. हे सगळं ज्यात आहे तो साबण पैशाचा आहे. वेष्टनावर घटक लिहिलेले असतात, जास्त प्रमाणाचा आधी. वाचत जा. स्टिअरिक आम्ल आणि पोटॅश वरती दिसलं, ग्लिसरीन बरंच वर दिसलं, तर वडी हातात धर.

त्या यादीत आणखी एक गोष्ट बघ. बऱ्याच परदेशी पारंपरिक साबणांत जनावराची चरबी असते. टॅलो किंवा टॅलोएट असा शब्द लिहिलेला असतो. फेसाला ती उत्तम, यात शंका नाही. पण तुझ्या खुर्चीत गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी बसेल, मुसलमान भाऊ बसेल, जैन व्यापारी बसेल. त्यांना न सांगता तो फेस त्यांच्या ओठांशी नेणं हा विश्वासघात आहे. अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास वनस्पती तेलाचा साबण काढला तो याच देशातल्या माणसांचं मन ओळखून. चरबीशिवाय चांगला साबण होतो, हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच ठरून गेलंय.

मग अठराशे रुपये कशाचे? लंडनची ट्रुफिट अँड हिल १८०५ पासूनची पेढी. तिच्या नावाला दोनशे वर्षांचं वजन आहे आणि त्या वजनाचे पैसे पडतात. इटलीतल्या फ्लॉरेन्सचा प्रोरासो हा तिथल्या साध्या न्हाव्यांच्या दुकानातला रोजचा माल. इथे येईस्तोवर भाडं, जकात, मधले हात लागतात आणि तो चैनीचा होतो. वर सुगंध, वाडगा, खोका. साठ रुपयांच्या वडीवरून अडीचशे-तीनशेच्या चांगल्या वडीवर गेलास तर गालाला फरक कळतो, हे मी माझ्या हाताने पाहिलंय. तीनशेवरून अठराशेवर गेलास तर फरक मुख्यतः नाकाला आणि डोळ्याला कळतो.

सुगंधाबद्दल माझा एक अनुभव ऐक. तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. मुंबईहून एकाकडून उंची वासाचा साबण मागवला होता. दुकानात शिरलं की दरवळ. एका मास्तरांची दाढी त्या साबणाने केली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या गळ्यावर लाल पुरळ. ते रागावले नाहीत, पण तीन आठवडे आले नाहीत. जगातल्या पुष्कळ कातड्यांना उग्र अत्तर सोसत नाही, आणि नुकतीच पात्याने खरवडलेली कातडी तर आणखी हळवी. त्या दिवसापासून मी वास मंद असलेलाच साबण घेतो.

आता हिशोब. सराफाच्या काट्यावर मी वडी दाढीआधी आणि नंतर तोलून पाहिलीय. दुकानात एका चेहऱ्याला साधारण एक ग्रॅम जातो. अठराशेच्या वडीचे दाढीमागे अठरा रुपये. दिवसाला पंचवीस दाढ्या धरल्या तर ४५० रुपये, महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ११,७०० रुपये नुसत्या फेसात. तीनशेच्या वडीचे दाढीमागे तीन रुपये, दिवसाचे ७५. मधले रोजचे ३७५ रुपये कुठे लावशील ते मी सांगतो: प्रत्येकाला त्याच्या डोळ्यांदेखत कागद फाडून नवं पातं, उकळत्या पाण्यातून काढलेला टॉवेल, जारचं पाणी, आणि हाताखालच्या पोराच्या पगारात भर. गिऱ्हाईक त्यासाठी परत येतं.

घरी दाढी करणाऱ्याचा हिशोब निराळा, तोही सांगतो, कारण तुला लोक विचारतील. एकट्या माणसाला अर्धा ग्रॅम पुरतो. शंभर ग्रॅमच्या दोनशे दाढ्या. दिवसाआड केली तर वडी वर्षाच्या पुढे जाते, महिन्याला दीडशेच्या आत. ज्याची कातडी कोरडी आहे, ज्याला सकाळची ती दहा मिनिटं मनासारखी हवी आहेत, आणि ज्याच्या घरी पाणी हलकं आहे, त्याने खुशाल घ्यावा. तो पैसा वाया नाही. घरी बोअरचं पाणी असलेल्याला मात्र आधी पाण्याचं सांग.

दुकानात वाडग्यातली वडी न ठेवण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते मला सगळ्यांत मोठं वाटतं. एकाच्या गालावरून ब्रश पुन्हा त्याच वडीवर फिरतो आणि तिथून दुसऱ्याच्या गालावर. लाकूड ओल धरून बसतं, आपल्या हवेत पावसाळ्यात त्यावर बुरशी येते. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत दाढीच्या ब्रशाच्या केसांतून अँथ्रॅक्स पसरला होता, माणसं दगावली होती. नीट न शुद्ध केलेले जनावरांचे केस होते ते. आज काविळीचे काही विषाणू रक्ताच्या थेंबातून जातात हे शाळेतल्या पोराला माहीत आहे. करोनाच्या टाळेबंदीनंतर राज्यात २८ जून २०२० पासून आपली दुकानं उघडली, तीही केस कापण्यासारख्या कामांपुरती; दाढीला परवानगी नव्हती. ब्रश खुंटीला वाळत पडले होते. त्यानंतर माणूस खुर्चीत बसला की आधी वाटीकडे बघतो, आणि बघावंच.

म्हणून माझी पद्धत घे. वडी किसणीवर किसून बंद डब्यात ठेव. प्रत्येकाला चिमूटभर कीस स्टीलच्या धुतलेल्या वाटीत, वर कोमट पाणी थेंबाथेंबाने. ब्रश कृत्रिम केसांचे घे, लवकर वाळतात; सहा-सात ठेव म्हणजे धुऊन वाळवायला उसंत मिळते. फेस घोटण्याआधी गरम टॉवेल दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर राहू दे. खुंट पाणी पितो, फुगतो, मऊ पडतो. पातं मग ओढत नाही, सरकतं. साबणाचं खरं काम तेवढी ओल धरून ठेवायचं आहे. जो ही तीन मिनिटं वाचवतो त्याला कोणताच साबण वाचवत नाही. आधी सुलटा हात, पुन्हा फेस, मग ज्याला सोसतं त्यालाच उलटा. शेवटी तुरटी, पण एकच खडा सगळ्यांच्या गालावर फिरवू नकोस. पाण्यात विरघळवून कापसाने लाव.

खात्री करायची असेल तर दोन वाट्या घे. एकीत बोअरचं पाणी, एकीत जारचं. दोन्हींत सारखा कीस, ब्रशचे सारखे फेरे. फेस मनगटावर लाव आणि पाच मिनिटं बघत बस. मग वड्या बदलून पुन्हा कर. माझ्या पत्रापेक्षा तुझं मनगट तुला जास्त सांगेल.

राहिली ती दोन साबणांची गोष्ट, दीडशेच्या दाढीचा आणि साठच्या दाढीचा. बाळा, हे करू नकोस. दसऱ्यानंतर आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. गाडी भरायच्या आदल्या दिवशी माणसं दाढी करून घेतात, कारण पुढचे पाच-सहा महिने फडावर आरसा नशिबी असेलच असं नाही. त्या माणसाची दाढी आठ-दहा दिवसांची, उन्हाने रापलेली, खुंट तारेसारखा. चांगल्या फेसाची सगळ्यांत जास्त गरज त्याला आहे. शेजारच्या खुर्चीत नोकरदार बसलाय आणि त्याच्या वाटीत दाट फेस, ह्याच्या वाटीत पाणचट, हे तो आरशात बघेल. दर वेगळा लावायचाच तर वेगळ्या कामाचा लाव: मालिश, जास्त वेळ, घरी जाऊन केलेली दाढी. फेस सगळ्यांना एकच, आणि तो चांगला.

काल कीर्तनात बुवांनी तीच जुनी गोष्ट सांगितली. सेना महाराज पूजेत गुंतले होते, राजाचं बोलावणं आलं, आणि देवच त्यांचं रूप घेऊन गेला. राजाला तेलाच्या वाटीत चतुर्भुज मूर्ती दिसली. लोक ती मूर्ती ध्यानात ठेवतात. मला दर वर्षी एवढंच जाणवतं की देवाने जाताना सेना महाराजांची रोजचीच धोकटी उचलली. राजासाठी निराळी काढली नाही.

मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी येतो. परवा पाऊस धो धो झाला, तुझ्या काकूने पागोळ्यांखाली पिंप लावलं होतं. ते पाणी गाळून कॅनमध्ये भरून ठेवलंय. दुकानातली पहिली दाढी त्या पाण्याने करू. खुर्चीत मी बसेन, पातं तुझ्या हातात.

आईला नमस्कार सांग. तब्येतीला जप.

तुझा,
काका