अपुरा तागा

अर्धे खरे सांगायचे आणि ऐकणाऱ्याने ते पूर्ण धरले तर धरू द्यायचे, हा खोटेपणाचा सर्वांत रुळलेला प्रकार आहे. जिभेवर एकही खोटा शब्द येत नसल्याने ख्रिस्ती माणूसही त्यात सहज सापडतो.

भिवंडीच्या यंत्रमाग धंद्यात याला पुष्कळ वाव मिळतो. व्यापारी सुताने भरलेले बीम देतो. मागवाला ते विणून ग्रे, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, कापडाचे तागे परत करतो आणि मजुरी घेतो. यातले बरेचसे तोंडी ठरते. 2007 साली शहराचे वीजवितरण टोरेंट पॉवरकडे गेले. त्याआधीच्या भारनियमनाच्या वर्षांत माल द्यायची तारीख चुकली, तर ‘लाईट नव्हती’ एवढे दोन शब्द पुरत.

प्रस्तुत लेखक त्या काळी एका छोट्या कारखान्याचा हिशेब पाहत असे. एकदा जास्त मजुरी देणाऱ्या दुसऱ्या व्यापाऱ्याचे बीम आधी मागावर चढले आणि पहिल्याचा माल चार दिवस रखडला. विचारणा झाली तेव्हा उत्तर तेच गेले. लाईट खरोखर गेली होती, पण दोन तास. व्यापाऱ्याचा मुनीम त्याच गल्लीत राहत होता. तो काहीच बोलला नाही. तोवर ताग्यावर लिहिलेला मीटरचा आकडा तसाच धरला जाई. त्या दिवसापासून प्रत्येक तागा उलगडून मोजला जाऊ लागला.

बायबलमध्ये याचे सर्वांत जवळचे उदाहरण प्रेषितांची कृत्ये, अध्याय 5 मध्ये आहे. हनन्या आणि सप्पीरा यांनी जमीन विकली, किमतीचा काही भाग ठेवून घेतला आणि उरलेला सगळी किंमत म्हणून आणून दिला. जमीन त्यांचीच होती आणि पैसेही त्यांच्याच हाती होते, हे पेत्र स्वतः सांगतो. भाग ठेवला यात दोष नव्हता, भागाला पूर्ण म्हटले यात होता.

मत्तय 5:33–37 मध्ये येशू शपथा वाहायलाच मनाई करतो. मंदिराची शपथ मोडली तर चालते, मंदिरातल्या सोन्याची मोडून चालत नाही, अशी प्रतवारी तेव्हा केली जाई. मत्तय 23 मध्ये तिच्यावर टीका आहे. ‘देवाशप्पथ’ म्हटल्यावरच खरे बोलणारा माणूस एरवीच्या बोलण्याला सूट देतो. मत्तय 5 मधल्या या वचनामुळे इंग्लंडमधील क्वेकर पंथीयांनी न्यायालयातही शपथ नाकारली. भारतातही 1969 च्या शपथ अधिनियमानुसार साक्षीदाराला शपथेऐवजी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते.

साक्ष हा शब्द न्यायालयात चालतो तसा मंडळीतही. उपासनेत साक्ष देताना आजार वाढवून सांगणे, जुने पाप रंगवणे किंवा डॉक्टरांचे उपचार गाळणे हाही अपुरा तागाच. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र विश्वासार्ह वाटते, कारण स्वतःचे सोवळे-ओवळे आणि घरातली भांडणे त्यांनी झाकलेली नाहीत.

चूक घडल्यावर काय करावे याचा क्रम शास्त्रात आहे. लेवीय, अध्याय 6 प्रमाणे फसवून घेतलेले मूळ मालकाला पंचमांश अधिक घालून परत द्यायचे आणि मग अर्पण आणायचे. लूक 19 मधल्या जकातदार जक्कयाने तर चौपट देण्याची तयारी दाखवली. म्हणून कबुली आधी ज्याला फसवले त्याच्याकडे द्यावी. प्रार्थनेत देवाला सांगून ते काम उरकत नाही. उशीर होणार असेल तर विचारणा होण्यापूर्वी कळवावे, आणि खरे कारण सांगावे. सगळेच सांगणे बंधनकारक नाही: ‘हे मला सांगता येणार नाही’ हे उत्तर प्रामाणिक आहे. दिलेले कारण ऐकून समोरचा काय समजेल, हे मात्र बोलण्यापूर्वी पाहावे.

प्रस्तुत लेखकाने महिन्याभराने व्यापाऱ्याकडे जाऊन खरे कारण सांगितले आणि मजुरीतली कपात मान्य केली. व्यापाऱ्याने चहा मागवला, काम चालू ठेवले. तागे मोजणे मात्र पुढे वर्षभर थांबले नाही. क्षमा एका बैठकीत मिळाली तरी विश्वास परत यायला वेळ लागतो. तोवर मोजणाऱ्याला कुरकुर न करता मोजू द्यावे.