डिव्हाइस गेलं, पॉइंटर राहिला

कर्नलसाठी नवी बस लिहायला घेतली की आपलं लक्ष आधी फील्डांकडे जातं: पत्ता, इंटरप्ट क्रमांक, व्हेंडर आयडी, जोडलेल्या डिव्हाइसांची यादी. माझा अनुभव असा की घात तिथे होत नाही. फील्ड चुकलं तर पहिल्याच चाचणीत कळतं. घात होतो तो ही फील्डं धरणाऱ्या स्ट्रक्टची मेमरी कोणाची आणि ती कोणी, कधी सोडायची हे ठरलेलं नसतं तेव्हा. म्हणून स्ट्रक्टची पहिली ओळ लिहिण्याआधी त्याचं आयुष्य ठरवा, असं मी नव्याने ड्रायव्हर लिहिणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

यूएसबी डिव्हाइसची फाइल एखादा प्रोग्रॅम उघडून बसलाय आणि कोणी केबल उपटली, एवढंच डोळ्यांसमोर आणा. हार्डवेअर गेलं, पण फाइल उघडीच आहे. पुढचा रीड ड्रायव्हरमध्ये येणारच, आणि येताना त्या डिव्हाइसच्या स्ट्रक्टचा पॉइंटर घेऊन येणार. डिस्कनेक्टमध्ये थेट केफ्री करून मेमरी सोडली असेल, तर त्या जागी आता भलत्याच कोणाचा डेटा असू शकतो. लिनक्सच्या सोर्समधला यूएसबी स्केलेटन ड्रायव्हर यासाठी वाचावा. त्यात डिस्कनेक्ट म्युटेक्स धरून ‘डिस्कनेक्टेड’ अशी खूण करतो आणि मग फक्त आपल्या वाट्याचा रेफरन्स सोडतो. रीड ती खूण पाहून ‘डिव्हाइस नाही’ ही एरर परत करतो, आणि मेमरी सुटते ती शेवटचा रेफरन्स सुटल्यावर. २००३च्या डिसेंबरात आलेल्या २.६ कर्नलच्या ड्रायव्हर मॉडेलचा पायाही हाच आहे. पीसीआय डिव्हाइसच्या स्ट्रक्टमध्ये सर्वसाधारण ‘स्ट्रक्ट डिव्हाइस’ पॉइंटर म्हणून नाही, आख्खा बसवलेला आहे. त्यामुळे दोघांची मेमरी एक आणि रेफरन्सांची मोजणीही एकच. एकाच स्ट्रक्टमध्ये दोन मोजण्या ठेवल्या, तर एक शून्यावर येते तेव्हा दुसरी जिवंत असू शकते.

यावर हमखास येणारा आक्षेप: आमच्या बोर्डावर सगळं सोल्डर केलेलं आहे, उपटणार कोण? पण ड्रायव्हर सुटायला केबल लागत नाही. सिसएफएसमधल्या अनबाइंड फाइलमध्ये रूटने डिव्हाइसचं नाव लिहिलं की पुरे. डिव्हाइस रजिस्टर करण्याचं फंक्शन फसलं तरी केफ्री करायचं नसतं, पुट_डिव्हाइसच करायचं, हे तर त्या फंक्शनवरच्या टिपेतच बजावलेलं आहे. दुसरा आक्षेप ‘डेव्हएम’ फंक्शनांचा: साफसफाई ती आपोआप करतात, मग वेगळी मोजणी कशाला? क्लॉक, रेग्युलेटर यांच्यासाठी ती उत्तमच. मात्र ती मेमरी ड्रायव्हर सुटला की सुटते, फाइल कोणी उघडी ठेवली आहे का हे पाहत नाही. जो स्ट्रक्ट फाइलच्या वाटेने गाठता येतो, तो त्यांच्या भरवशावर ठेवू नये. मोजणीत चूक झाली तर मेमरी गळते, हा आक्षेप मात्र खरा आहे. तरीही मी गळतीच पत्करेन: ती केमेमलीकने शोधता येते, सोडलेल्या मेमरीवर झालेलं लिखाण कुठे उगवेल याचा नेम नाही.

शेवटचा रेफरन्स सुटल्यावर मेमरी सोडणारं रिलीज फंक्शन नसेल तर कर्नल लॉगमध्ये ताशेरे ओढतो, आणि ते थांबवायला लोक रिकामं फंक्शन देतात, याचा मला मनापासून राग येतो. त्या इशाऱ्याचा अर्थ एवढाच की मेमरी कोण सोडणार हे अजून ठरलेलं नाही. ते ठरवा. मग सोडलेल्या मेमरीचा वापर पकडणारं केसॅन चालू करा, त्यासोबत कोऑब्जेक्टचं रिलीज मुद्दाम लांबवणारा डीबग पर्यायही, आणि फाइल उघडी ठेवून अनबाइंड करून पाहा.