संशय आणि पुरावा : सारडा खटल्याच्या निमित्ताने

एखादी तरुण सून सासरी अकस्मात मरण पावली की आपल्याकडे दोन तपास एकाच वेळी सुरू होतात. एक पोलिसांचा आणि दुसरा लोकांचा. पोलिसांचा तपास पंचनामा, शवविच्छेदन, जबाब अशा पायऱ्यांनी सावकाश चालतो. लोकांच्या तपासाला एवढा धीर नसतो. पिठाच्या गिरणीत, एस.टी.त, नदीच्या घाटावर आणि आता हातातल्या मोबाईलवर तो चालतो आणि बहुधा तिसऱ्या दिवशी निकाल देऊन मोकळा होतो. या दोन तपासांत अंतर किती आणि ते का असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विषयाकडे मी वळले त्याला एक कारण घडले. माझे गाव गडहिंग्लजपासून जवळच आहे. मागच्या वर्षी आमच्या गल्लीतील एका नव्या सुनेचे प्रेत विहिरीत सापडले. ती पडली, तिने उडी घेतली की तिला कोणी ढकलले, हे कोणीच पाहिले नव्हते. तीन दिवस आधी संध्याकाळी मी त्या घरातून चढलेले आवाज ऐकले होते. शब्द कळले नव्हते. तेवढेच मी घाटावर बोलले. दोन दिवसांनी माझेच वाक्य माझ्याकडे परत आले, ते असे : "त्याच रात्री तिला मारहाण झाली, कॉलेजात जाणाऱ्या पोरीनं कानांनी ऐकलंय." संध्याकाळची रात्र झाली होती, तीन दिवस गळून गेले होते आणि आवाजाची मारहाण झाली होती. खोटे असे कोणीच बोलले नव्हते. प्रत्येकाने आपल्या समजुतीप्रमाणे थोडी भर घातली होती, इतकेच. मला मात्र भीती वाटली. 'आगीशिवाय धूर निघत नाही' असे आपण म्हणतो. पण इथे धुरातला काही भाग माझा होता.

पुढे ग्रंथालयात वाचताना सारडा खटल्याची माहिती मिळाली. मंजुश्री सारडा या तरुणीचे लग्न फेब्रुवारी १९८२ मध्ये झाले आणि १२ जून १९८२ च्या सकाळी ती पुण्यातील सासरच्या घरी मृतावस्थेत आढळली. लग्नाला अवघे चार महिने झाले होते. मृत्यू पोटॅशियम सायनाइड या विषाने झाल्याचे निष्पन्न झाले. तिने आपल्या बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांतून तिचे दुःख दिसत होते. पतीवर खुनाचा खटला चालला. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. परंतु १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पतीची निर्दोष मुक्तता केली.

प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार या खटल्यात नव्हता. सर्व भिस्त परिस्थितिजन्य पुराव्यावर होती. असा पुरावा कसा तोलावा, याची पाच सूत्रे न्यायमूर्ती फझल अली यांनी निकालपत्रात सांगितली आणि त्यांना 'पंचशील' असे नाव दिले. ती साध्या भाषेत अशी :

१. ज्या गोष्टींवरून निष्कर्ष काढायचा, त्या आधी पूर्णपणे सिद्ध झाल्या पाहिजेत. 'असेल' आणि 'असलेच पाहिजे' यांत मोठे अंतर आहे.

२. सिद्ध झालेल्या गोष्टी आरोपीच्या अपराधाशीच जुळल्या पाहिजेत, अन्य कशाशी नव्हे.

३. त्या गोष्टी निर्णायक स्वरूपाच्या असल्या पाहिजेत.

४. अपराधाखेरीज दुसऱ्या प्रत्येक शक्यतेचे त्यांनी निराकरण केले पाहिजे.

५. पुराव्याची साखळी अशी पूर्ण हवी की आरोपी निरपराध असेल, असे म्हणण्यास वाजवी जागा उरू नये.

विषप्रयोगाच्या खटल्यात आणखी चार गोष्टी पाहाव्या लागतात : स्पष्ट हेतू होता काय, मृत्यू विषानेच झाला काय, आरोपीजवळ ते विष होते काय आणि ते देण्याची संधी त्याला होती काय. आरोपीजवळ सायनाइड होते, हे या खटल्यात शाबीत झाले नाही. तसेच, पत्रांतून दिसणाऱ्या दुःखामुळे तिने आत्महत्या केली असण्याची शक्यताही न्यायालयाला नाकारता आली नाही. दोन शक्यता उभ्या राहिल्या, तेव्हा संशयाचा फायदा आरोपीस मिळाला.

ही पाच सूत्रे घेऊन मी आमच्या गल्लीतील चर्चा तपासली. पहिल्याच सूत्रावर ती अडली. 'सासू रडली नाही', 'नवरा सकाळी लवकर बाहेर पडला', 'माहेरचे गप्प कसे?' ही सगळी 'असेल'ची भाषा होती. दुःखाने माणूस रडतो तसा मुकाही होतो, हे आपण एरवी जाणतो. संशय आला की विसरतो.

यावर कोणी म्हणेल, मग लोकांनी तोंडच उघडू नये काय? तसे मुळीच नाही. मंजुश्रीच्या मृत्यूनंतर पुण्यातील स्त्रिया गप्प बसल्या नाहीत. विद्या बाळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन लोकांसमोर आणले. त्या काळातील जागृतीतून नारी समता मंच उभा राहिला. त्यांनी विचारलेला प्रश्न केवळ 'कोणी मारले?' एवढाच नव्हता. 'अशा मुली घरात का मरतात आणि त्या जिवंत असताना आपण कुठे असतो?' असा तो होता. देशभरातील स्त्रियांच्या अशाच रेट्यामुळे १९८३ मध्ये विवाहितेच्या छळाविरुद्ध ४९८-अ हे कलम आले. लग्नानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाल्यास शवविच्छेदनाची तरतूदही त्याच वर्षी झाली. १९८६ मध्ये हुंडाबळीचे ३०४-ब हे कलम आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच कलमे अनुक्रमे ८५ व ८० या क्रमांकांनी आहेत.

न्यायालयाचा विचारही पुढे सरकला. मराठवाड्यातील एका प्रकरणात 'सून सर्पदंशाने मेली' असे सासरहून कळविण्यात आले होते. शवविच्छेदनात मात्र गळा दाबल्याचे आढळले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने पतीची शिक्षा कायम ठेवताना सांगितले, की घराच्या चार भिंतींच्या आत गुन्हा घडतो तेव्हा काय घडले याचा खुलासा करण्याची जबाबदारी घरातल्यांवरही येते. म्हणजे फिर्यादी पक्षाचे ओझे उतरत नाही, पण घरच्यांचे मौन आणि खोटा खुलासा हाही साखळीचा दुवा ठरू शकतो.

या अभ्यासातून मला उमगले ते असे. लोकांकडे निकाल देण्याचे साधन नाही, पण साक्ष देण्याचे आहे. मंजुश्रीच्या पत्रांवर तीन न्यायालयांनी विचार केला, कारण ती तिच्या हातची होती आणि जपून ठेवलेली होती. शेजाऱ्याने ऐकलेला आवाज, त्याचा वार, त्याची वेळ हेसुद्धा तितकेच जपायला हवे. भर घातली की साक्ष बिघडते, आणि बिघडलेल्या साक्षीचा लाभ दोषी असणाऱ्यालाच होतो. निर्दोष असणाऱ्याचे मात्र उभे आयुष्य त्यात जाते.

आमच्या गल्लीत पोलीस आले तेव्हा तीन दिवस निकाल देणारी दारे एकामागून एक बंद झाली. "आपल्याला काय करायचंय?" असे आमच्या घरातही म्हटले गेले. थोडा वाद झाला; शेवटी वडील माझ्याबरोबर आले. मी एवढेच सांगितले : "तीन दिवसांपूर्वी, संध्याकाळी, मोठे आवाज ऐकले. शब्द कळले नाहीत. त्या रात्री काही ऐकले नाही." जबाब चार ओळींचा झाला. तपास अजून चालू आहे आणि त्याचा शेवट काय होईल, यावर मी घाटावर बोलत नाही.

एक खंत मात्र उरते. ते आवाज ऐकले त्याच संध्याकाळी मी त्या दाराशी जायला हवे होते. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्यानुसार कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकते आणि सद्भावनेने दिलेल्या खबरीबद्दल तिच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. माझ्या विद्यार्थिमित्रांना ते ठाऊक व्हावे, म्हणून हा लेखनप्रपंच.