नळीला रोज न्हाऊ घालू नकोस

अगं, तुझा निरोप वाचला आणि हसूच आलं. रायफल कधी साफ करायची, एवढं साधं विचारलंस आणि इतरांकडून जमा केलेल्या उत्तरांची यादीच पाठवलीस. एनसीसीतले उस्ताद म्हणतात रोज. रेंजवरचे काका म्हणतात नळीला हातच लावू नकोस. दुकानदार म्हणतो ही बाटली घ्या, ती बाटली घ्या. खरं सांगू? दुकानदार सोडला तर सगळे आपापल्या रायफलपुरते बरोबर आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या रायफलला लावलं की घोळ होतो.

उस्तादांचं ‘रोज’ कुठून आलं ते आधी ऐक. जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीत बसायचं. हे आपल्या मिठाचंच भावंड. हवेतलं पाणी ओढून घ्यायचं आणि बघता बघता नळीला गंज धरायचा. तेलात ते विरघळत नाही, म्हणून फौजेत नळीतून उकळतं पाणी ओतायची पद्धत होती. मग पुल-थ्रू, चिंदी आणि तेल. पुढे काडतूस बदललं, शिस्त मात्र तशीच राहिली. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही, पोरांना हत्याराची ओळख होते तिच्यामुळे. पण तुझ्या पॉइंट टू-टूच्या काडतुसात तो क्षारच नाही.

आता याचं उलटं टोक. व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांच्या हातात एम-१६ दिली तेव्हा हिला साफसफाई फारशी लागत नाही असा समज पसरला होता, आणि बऱ्याच तुकड्यांना सफाईचं सामानही मिळालं नव्हतं. त्यात काडतुसातली दारू बदललेली, चेंबरला क्रोमचा मुलामा नाही आणि भवताली दमट जंगल. ऐन चकमकीत रायफली अडकल्या, माणसं गेली, १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने चौकशी केली. नंतर सैनिकांना सफाई शिकवायला विल आइस्नर या नामवंत चित्रकाराकडून चक्क कॉमिक्सची पुस्तिका काढून घेतली. तेव्हा ‘हातच लावू नकोस’ म्हणणाऱ्या काकांनाही फार डोक्यावर घेऊ नकोस.

तुझा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशन. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळवलं, तोच. गोळी साध्या शिशाची, वरून मेणासारखं वंगण, वेग आवाजाच्या वेगाच्या आसपास. पोलादाच्या नळीला ती काय झिजवणार? हजारो गोळ्या जातात तरी नळी ठणठणीत असते. उलट सफाईचा रॉड कसाही घुसवला तर मात्र नळीचं नुकसान होतं, आणि ते भरून येत नाही.

गोळ्या जात राहतात तसा नळीच्या आत मेणाचा आणि शिशाचा एक पातळसा थर बसतो. घरच्या लोखंडी तव्याचं आठव. घासून लख्ख केला की पहिलं धिरडं चिकटतंच, तवा पुन्हा मुरवावा लागतो. नळीचंही तेच. चकचकीत केल्यावर पहिल्या काही गोळ्या भरकटतात, थर बसला की गोळ्यांचा ग्रुप जागेवर येतो. ५० मीटरवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, तिथे एवढं भरकटणं परवडत नाही. म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी धुवायला बसायचं नाही. चार-पाच दिवस आधी धू आणि मधल्या सरावात तिला मुरू दे. स्पर्धेआधीच्या सायटिंगच्या वेळात थोडंफार सावरता येतं हे खरं, पण तो वेळ वारा वाचायला लागतो, नळीची मनधरणी करायला नाही.

मग रोज काय करायचं? रेंजवरून निघण्याआधी बोल्ट काढ, त्याचं तोंड आणि एक्स्ट्रॅक्टरची खाच कोरड्या फडक्याने पूस. काजळी, मेण, शिशाचे कण सगळ्यात जास्त तिथेच साचतात, आणि काडतूस नीट न निघण्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. बोल्टच्या घासणाऱ्या भागाला ग्रीसचा ठिपका, दिसेल न दिसेल इतका. मग बाहेरच्या सगळ्या धातूवरून तेलाचा हात लावलेलं फडकं फिरव, विशेषतः तुझा गाल, हात आणि घाम जिथे लागतो तिथून. पाच मिनिटांचं काम. हे मात्र चुकवायचं नाही, कितीही दमलीस तरी.

नळीतून, मला विचारशील तर, दीड-दोनशे गोळ्यांनंतर सॉल्व्हेंटने ओला केलेला एखादा पॅच, म्हणजे कापडाचा तुकडा, मग पांढरे येईपर्यंत कोरडे. बास. माझ्याहून कितीतरी पुढची नेमबाज माणसं प्रत्येक सरावानंतर पॅच घालतात, काही जण हजार गोळ्या झाल्या तरी घालत नाहीत. त्यांचं त्यांना लखलाभ. तू वहीत रोज दोन आकडे लिही, शेवटच्या सफाईपासून किती गोळ्या झाल्या आणि ग्रुप किती मोठा आला. दोन-तीन महिन्यांत तुझी नळीच सांगेल तिला कधी आंघोळ हवी ते. काडतुसांचा लॉट बदललास तर तेही लिही, नाहीतर दोष काडतुसाचा आणि रट्टे नळीला.

एक जागा मात्र अशी आहे की तिथे आळस चालत नाही. चेंबर संपून आटे सुरू होतात तिथे जळक्या काजळीचं कडक कडं बसतं. पॉइंट टू-टूचा प्रायमर काडतुसाच्या काठात असतो आणि त्यात काचेची पूडही असू शकते. ते सगळं मिळून हे कडं पॅचला दाद देत नाही. ग्रुप विनाकारण मोठा होऊ लागला, काडतूस आत जाताना अडल्यासारखं वाटलं की पहिला संशय इथे घ्यायचा. काजळी सोडवणारं सॉल्व्हेंट लावून थोडा वेळ थांब, मग ब्राँझचा ब्रश फक्त तेवढ्या भागात फिरव. स्टीलचा ब्रश घरात आणूच नकोस. आणि तांबं काढणारं ते अमोनियाच्या वासाचं महागडं औषधही नको. ते तांब्याचं आवरण असलेल्या गोळ्यांसाठी असतं. तुझ्या गोळीला तांबंच नाही, दुकानदार काहीही म्हणो.

रॉड अखंड घे, जोडाजोडीचा नको, आणि वरून प्लास्टिकचा मुलामा असलेला बघ. दर फेरीला रॉड पुसायचा. बोल्टच्या जागी बोअर गाइड घालून मागून पुढे ढकलायचा. पॅच तोंडातून बाहेर पडला की तिथेच सोडून द्यायचा, परत आत ओढायचा नाही. ब्रशही आत मध्यावर उलटा फिरवू नकोस. नळीच्या तोंडाची कड, आपण क्राउन म्हणतो ती, गोळीला शेवटचा स्पर्श करते. तिला ओरखडा गेला की गोळी वाकडी सुटते, मग तू श्वास कितीही छान धर. सफाई करताना तोंड किंचित खाली ठेव, म्हणजे सॉल्व्हेंट ओघळून ट्रिगरमध्ये जाणार नाही. ट्रिगरला तेल नाही म्हणजे नाही. तेलावर धूळ बसते आणि त्याचं चिकट लिंपण होतं. तो उघडायचाच झाला तर आर्मररकडे ने.

खोबरेल तेलाचा विचारही नको. आजोबा लावायचे हे मला माहीत आहे. चोवीस अंशांच्या खाली खोबरेल थिजतं, आणि कोल्हापूरच्या डिसेंबरातल्या सकाळी बोल्ट कसा चालेल ते तूच सांग.

पावसाळ्यात मात्र माझं वरचं सगळं ‘कमी कर, कमी कर’ बाजूला ठेव. जून ते सप्टेंबर, आणि वरळीच्या रेंजवर समुद्राकाठी गेलीस तर बाराही महिने, घरी आल्यावर नळीतून हलका तेलाचा पॅच घालायचा आणि पुढच्या वेळी गोळी झाडण्याआधी दोन कोरडे पॅच. तेल राहिलेल्या नळीतून पहिल्या गोळ्या कुठेही जातात. रायफल केसमध्ये झोपवून ठेवू नकोस. आतला फोम ओल धरतो आणि जिथे टेकतो तिथेच गंजाचे ठिपके उठतात. प्रवासापुरती केस, घरी आल्यावर लगेच बाहेर काढायची. नंतर कुलूपबंद कपाटात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या अधूनमधून सुकवायच्या. गाडीतल्या एसीतून एकदम दमट हवेत आणलीस तर धातूवर दव धरतं, ते पुसल्याशिवाय आत ठेवू नकोस.

आणि हो, खंडेनवमी. आई हौसेने रायफलीची पूजा करणारच, करू दे. फक्त हळदकुंकू लाकडी बटवर लावायला सांग. ते रिअर साइटच्या बारीक भोकात गेलं की महिनाभर समोर लाल-पिवळं दिसतं. ओली झेंडूची फुलं धातूवर रात्रभर ठेवायची नाहीत, अक्षता नळीच्या तोंडापासून दूर. पूजा झाली की फडकं फिरव, आईच्या देखत नको.

धाकटीच्या एअर रायफलला यातलं काहीही लावू नकोस. तिथे दारू जळत नाही, काजळी नाही. शिशाची किंचित भुकटी तेवढी, तिच्यासाठी कंपनीच्या फेल्टच्या गोळ्या मागून घालून काढायच्या, पेलेटचे दोन-तीन डबे संपल्यावर कधीतरी. सिलिंडरच्या तोंडाला, व्हॉल्व्हला साधं तेल बिलकुल नाही. २०० बारच्या दाबाची हवा आणि तेल एकत्र आले तर पेट घेऊ शकतात. सिलिंडरवरची मुदतीची तारीखही एकदा वाच, स्पर्धेत ती तपासतात.

सुरुवात करण्याआधीचं वेगळं सांगायला नको ना? बोल्ट बाहेर, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं, बोटानेही चाचपायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. खिडकी उघडी. समोर चहाचा कप नाही, शेंगदाण्याची वाटी तर मुळीच नाही, शिसं पोटात जातं. वापरलेले पॅच लगेच पिशवीत बांधून टाक, आणि उठलीस की साबणाने हात धू, मगच घरातल्या बाळाला घे.

बोअर गाइड मागवण्याआधी थांब. माझ्याकडे एक जास्तीचा पडून आहे, पण प्रत्येक मेकच्या अ‍ॅक्शनला तो बसतोच असं नाही. रविवारी बोल्ट घेऊन ये, बसवून बघू.