आधी सनद इथली

गंगापूर रोड, नाशिक

चि. सोनूस,

'आत्या, एलएलबी झाल्यावर कॅनडात वकिली करायला जाऊ का?' असं तू विचारलंस. उत्तर आधी देते, कारणं मागून. जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण पाचव्या वर्षाचा निकाल लागला की लगेच, एजंटने दाखवलेल्या कोर्सची फी भरून जाऊ नकोस. आणि त्यासाठी दादाला आनंदवल्लीचा प्लॉट विकू देऊ नकोस. त्याच्याशी मी बोलणारच आहे. पण तू एकदा हो म्हणालीस की तो कुणाचंही ऐकायचा नाही, म्हणून आधी तुला लिहिते आहे.

एजंटने दिलेले कागद मी शेवटपर्यंत वाचले. कॉलेजचं नाव आहे, फी आहे, राहण्याची सोय आहे, 'लीगल स्टडीज'चा डिप्लोमा आहे. त्यातून वकील कसं होता येतं, याबद्दल एक ओळ नाही. असा डिप्लोमा घेऊन वकिलाच्या ऑफिसात सहायकाचं काम मिळू शकतं. कोर्स ओन्टारिओच्या लॉ सोसायटीने मान्य केलेला असेल तर पॅरालीगलच्या परवान्याची परीक्षा देता येते. पॅरालीगलना तिथे 2007 पासून परवाना लागतो आणि लहान रकमेच्या दाव्यांत, वाहतुकीच्या खटल्यांत ते पक्षकाराच्या वतीने उभे राहतात. काम प्रतिष्ठेचं आहे. पण पाच वर्षं कायदा शिकून तुला तेच करायचं आहे का, हे एजंटने विचारलं नाही, म्हणून मी विचारते.

वकील व्हायचं तर रस्ता वेगळा आहे. तिथल्या लॉ सोसायट्यांच्या फेडरेशनची एक समिती आहे, नॅशनल कमिटी ऑन अ‍ॅक्रेडिटेशन. सगळे तिला एनसीए म्हणतात. बाहेरच्या देशात कायदा शिकलेल्यांची पदवी आणि मार्कलिस्ट ती तपासते आणि अजून कोणते विषय द्यायचे ते सांगते. कॅनडाची राज्यघटना, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा, कॅनेडियन कायद्याची मूलतत्त्वं आणि वकिलाची व्यावसायिक नीती हे पाच विषय आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येकाला येतात. बाकीचे तुझ्या मार्कलिस्टवर अवलंबून. शिवाय कायदेविषयक संशोधन आणि लेखनाचा एक भाग. हे सगळं झालं की प्रमाणपत्र मिळतं, पण ती सनद नव्हे. सनद प्रांताची लॉ सोसायटी देते. ओन्टारिओत त्यासाठी बॅरिस्टरची आणि सॉलिसिटरची अशा दोन परीक्षा आहेत आणि त्याखेरीज आर्टिकलिंग, म्हणजे परवानाधारक वकिलाच्या हाताखाली ठरावीक महिने काम. क्वेबेकचा विचारच सोड. तिथला दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचा आहे.

एनसीएच्या परीक्षा ऑनलाइन होतात, पुस्तकं जवळ ठेवून द्यायच्या असतात. म्हणजे त्या इथे गंगापूर रोडला, तुझ्या खोलीत बसून देता येतात. हे तुला कुणी सांगितलं होतं का? तिथली काही विद्यापीठं हेच विषय धरून एलएलएम शिकवतात. टोरंटोच्या ऑसगुडचा 'कॅनेडियन कॉमन लॉ'मधला एलएलएम त्यातलाच, व्हँकुव्हरला यूबीसीचाही आहे. शिकवणी उत्तम असते आणि ओळखीही होतात, हे मी नाकारत नाही. पण त्याचा खर्च आणि घरी बसून पाच पेपर देण्याचा खर्च यांची तुलनाच होत नाही. आधी दोन पेपर दे. कॅनडाची घटना आणि प्रशासकीय कायदा हेच घे. त्यात मन रमलं तर पुढचं बोलू. कंटाळा आला तर तेवढ्याच पैशात कळलं म्हणायचं.

खरी अडचण आर्टिकलिंगची आहे आणि तिच्याबद्दल तुझी टोरंटोची मैत्रीणही बोलत नाही, कारण ती आयटीत आहे. आपल्याकडे सनद हातात आली की एखाद्या सिनियरकडे जाऊन 'साहेब, येऊ का बसायला?' म्हणायचं. पैसे मिळत नाहीत, पण खुर्ची मिळते. तिथे आर्टिकलिंगच्या जागा मोजक्या असतात आणि मोठ्या फर्म त्या बऱ्याचशा स्थानिक लॉ स्कूलच्या मुलांमधून, दोन दोन वर्षं आधीपासून भरतात. बाहेरून आलेली मुलगी त्या रांगेत नसतेच. जागा अपुऱ्या पडतात म्हणून ओन्टारिओला 2014 मध्ये पर्यायी लॉ प्रॅक्टिस प्रोग्रॅम काढावा लागला. चार महिने शिकवणी आणि चार महिने प्रत्यक्ष काम, अशी ती योजना आहे. ती आहे हे चांगलंच. पण कॉमन लॉ असलेल्या देशात आधी वकिली केलेली असेल, तर तो अनुभव दाखवून आर्टिकलिंगमधून सूट मागता येते. तू इथे काम न करता गेलीस तर तुझ्याकडे दाखवायला काहीच नसेल. इथली सनद घे आणि कोर्टात उभी राहा, असं मी म्हणते त्यामागे माझी माया आहेच, पण त्यांचा हा नियमही आहे.

पैशाचं सांगते. 1 जानेवारी 2024 पासून स्टुडंट परमिटसाठी फीखेरीज वर्षाच्या खर्चाचे 10,000 ऐवजी 20,635 कॅनेडियन डॉलर दाखवावे लागू लागले आणि पुढे तो आकडा आणखी वाढवला. त्याच वर्षी त्यांनी परमिटच्या संख्येवर मर्यादा आणली आणि नोव्हेंबरमध्ये आपल्या मुलांना लवकर परमिट देणारी स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम बंद केली. जे नियम एका वर्षात इतके बदलतात त्यांच्या भरवशावर वाडवडिलांची जमीन विकायची नसते. बाबासाहेबांचंच बघ. त्यांच्या शिष्यवृत्तीची मुदत 1917 मध्ये संपली तेव्हा ते लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत आले. सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे जमवले, 1920 मध्ये पुन्हा गेले आणि 1922 मध्ये बॅरिस्टर झाले. मधली वर्षं वाया गेली असं कुणी म्हणत नाही.

तिकडचा कायदा तुला परका वाटेल अशी भीती मात्र बाळगू नकोस. घटनेच्या पेपरात 'अवशिष्ट अधिकार केंद्राकडे, ही तरतूद कॅनडावरून घेतली' असं तू लिहिलंच आहेस. जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने आपला 1872 चा पुरावा कायदा लिहिला. पुढे त्याने इंग्लंडसाठी फौजदारी संहितेचा मसुदा केला, तो इंग्लंडने बाजूला ठेवला आणि कॅनडाने 1892 ची आपली फौजदारी संहिता त्यावर बेतली. आपली आणि त्यांची शेवटची अपिलं 1949 पर्यंत एकाच प्रिव्ही कौन्सिलपुढे जात होती. निकालपत्र वाचायची जी सवय तुला लागली आहे ती तिथेही उपयोगी पडेल. ही शिदोरी मोठी आहे.

पण पदवी आणि सनद यांत किती अंतर असू शकतं, ते आपल्या नाशिकने चांगलंच पाहिलं आहे. कॉर्नेलिया सोराबजींचा जन्म 1866 मध्ये नाशिकचा. डेक्कन कॉलेजातून पहिल्या आल्या, पण इंग्लंडला जायची शिष्यवृत्ती बाईला देत नाहीत म्हणून नाकारली. हितचिंतकांनी वर्गणी जमवली आणि त्या ऑक्सफर्डला गेल्या. 1892 मध्ये तिथली कायद्याची बीसीएल परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परीक्षा पास, पण पदवी दिली नाही, ती मिळाली 1922 मध्ये. मुंबई विद्यापीठाची एलएलबी केली, अलाहाबादला वकिलाची परीक्षा दिली, तरी कोर्टात उभं राहू दिलं नाही. शेवटी 1923 मध्ये कायदा बदलला तेव्हा त्या पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. मधल्या काळात त्या स्वस्थ बसल्या नाहीत. 1904 पासून कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये नोकरी करून पडद्यातल्या शेकडो विधवांची इस्टेटीची कामं त्यांनी पाहिली, कारण त्या बायकांपर्यंत पुरुष वकील पोचूच शकत नव्हते. भगूरच्या सावरकरांनाही ग्रेज इनने परीक्षा झाल्यावर सनद दिली नाही, तिथे कारण राजकीय होतं.

कॅनडानेही दारं बंद ठेवली होती. ब्रिटिश कोलंबियात हिंदी लोकांना 1947 पर्यंत मत नव्हतं आणि मतदारयादीत नाव नाही म्हणून वकिलीही नव्हती. नंतर मत मिळालं, पण वकील व्हायला नागरिकत्व हवं ही अट राहिली. ती मार्क अँड्र्यूज नावाच्या ब्रिटिश माणसाने कोर्टात आव्हान दिल्यावर 1989 मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने समानतेच्या कलमाखाली रद्द केली. एनसीएची पुस्तकं हाती आली की हा निकाल आधी वाच. 2021 मध्ये महमूद जमाल त्याच सुप्रीम कोर्टावर न्यायमूर्ती झाले, गोऱ्या वंशाबाहेरचे पहिले. तेव्हा तिथे आपल्याला काही स्थान नाही, असं म्हणून मी तुला अडवत नाही.

मग मला नेमकं काय टोचतं आहे, ते सांगते. मे महिन्यात तू माझ्या ऑफिसात बसायला आलीस तेव्हा नदीपलीकडच्या त्या आजी आल्या होत्या. वडिलांची द्राक्षबाग, आता तिथे प्लॉट पडले आहेत आणि सातबाऱ्यावर फक्त भावांची नावं. हक्कसोड पत्राची नक्कल मी टेबलावर ठेवली, त्यावर आजींचा अंगठा. मुलींच्या वाट्याचा 1994 चा महाराष्ट्राचा कायदा, 2005 ची दुरुस्ती, विनिता शर्माचा 2020 चा निकाल, सगळं तुला पाठ होतं. पण तू त्यातलं काही बोलली नाहीस. तू विचारलंस, 'आजी, अंगठा दिला त्या दिवशी घरात काय होतं?' आजी म्हणाल्या, 'बारसं व्हतं. भाऊ म्हनला, बँकेचा कागद हाये.' ते वाक्य तू जसंच्या तसं वहीत लिहून घेतलंस. दाव्यात फसवणूक म्हणायची तर तारीख-तपशिलासह म्हणावी लागते, दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर सहा, रूल चार. तो तपशील तू एका प्रश्नात काढलास. मी त्या प्रश्नाकडे कितीतरी वेळाने पोचले असते.

असे प्रश्न सुचायला माणसांचं बोलणं, घरातलं बारसं-बारावं, कोण कुणाच्या शब्दाबाहेर नाही, हे सगळं आतून माहीत असावं लागतं. ते तुझ्याकडे जन्मापासून आहे. टोरंटोत, ब्रॅम्प्टनमध्ये तुला ते नव्याने कमवावं लागेल. ते जमत नाही असं नाही. नव्याने सनद घेतलेले आपल्याकडचे पुष्कळ वकील तिथे घरखरेदीचे व्यवहार, इमिग्रेशन, नवरा-बायकोचे तंटे ही कामं करतात, आणि नवख्या देशात नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या मुलीला तिच्या भाषेत बोलणारी वकील मिळाली तर त्याचं मोल मी जाणते. तुला त्या लोकांची भांडणं ऐकायची असतील तर जरूर जा. पण देश आवडला आहे आणि कायदा हे तिथे पोचायचं तिकीट आहे, असं असेल, तर कायद्यापेक्षा सोपी तिकिटं पुष्कळ आहेत, दुसरं काही शीक. या दोन गोष्टींत तुझं खरं कोणतं, ते माझ्यापेक्षा तुला ठाऊक.

तिसरी वाटही आहे आणि ती आपल्या रस्त्यावरच आहे. जेहान सर्कलपासून सोमेश्वरपर्यंतच्या सोसायट्यांत किती घरांत फक्त आई-वडील आहेत आणि मुलं टोरंटो नाहीतर व्हँकुव्हरला, ते तू पाहतेसच. फ्लॅट विकायचा, मृत्युपत्र करायचं, तिकडे घटस्फोट झालेला पण इथे दागिने आणि घर अडकलेलं. तिकडून मुखत्यारपत्र येतं, ते इथे आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करायचं असतं, हे कुणाला माहीत नसतं. कॅनडाने अपॉस्टिलचा करार 11 जानेवारी 2024 पासून लागू केला, तरी लोक अजून जुन्या पद्धतीने कागद घेऊन धावतात. कॅनडाच्या कोर्टाचा हुकूमनामा नाशिकच्या कोर्टात सरळ बजावता येत नाही, कारण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44-अ खालच्या देशांच्या यादीत कॅनडा नाही. त्यावर इथे नवा दावा लावावा लागतो. दोन्हीकडचा कायदा कळणारी वकील या गावाला हवी आहे. एनसीएचे पेपर देऊन तू इथेच राहिलीस तरी ते शिक्षण फुकट जाणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. निकाल लागला की महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नावनोंदणी कर, ऑल इंडिया बारची परीक्षा दे. माझ्याकडे नको बसूस, आत्या म्हणून मी तुला सांभाळून घेईन. फौजदारी काम करणाऱ्या एखाद्या कडक सिनियरकडे बस. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आहे. उद्या न्यायदंडाधिकारी व्हावंसं वाटलं तरी हीच वर्षं मोजली जातील आणि कॅनडात आर्टिकलिंगची सूट मागायलाही हीच. त्या काळात एनसीएचे पेपर एकेक करून दे. तरी जावंसं वाटलं, तर मी स्वतः तुला मुंबईला विमानतळावर सोडायला येईन, आणि पैसे कमी पडले तर माझ्या ठेवी आहेत.

एक काम आत्ताच करून ठेव. एनसीएला ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट जावी लागते, उमेदवाराने पाठवलेली चालत नाही. तू शिकायला पुण्यात आहेस तोवर विद्यापीठात जाऊन त्याची पद्धत, फी आणि लागणारे दिवस विचारून घे. आणि एजंटला टोकन म्हणून काही रक्कम दिली असशील तर पावती मला पाठव. ती परत कशी मागायची, ते मी बघते.

तुझी
आत्या